आउटबोर्ड मशीनची गिअरकेस परत बसवताना

बंदीचे दिवस म्हणजे आमच्याकडे मशिनं उघडायचे दिवस. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यंत्रावरची मासेमारी बंद असते. त्या काळात बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात फिरलात तर एखाद्या पडवीत लाकडी घोड्यावर टांगलेलं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आणि खाली गोणपाटावर आडवी ठेवलेली त्याची गिअरकेस हमखास दिसेल. गिअरकेस म्हणजे मशीनचा सगळ्यांत खालचा भाग, पुस्तिकेत ज्याला लोअर युनिट म्हणतात तो. पंख्याचा शाफ्ट, गिअर, वरच्या अंगाला पाण्याचा पंप आणि त्यातून वर गेलेला लांब उभा शाफ्ट, एवढा ऐवज तिच्यात असतो. चार-सहा बोल्ट आणि गिअरच्या दांडीचा सांधा सोडला की ती खाली उतरते. काढायला अर्धा तास पुरतो. बसवताना मात्र माणसं घाई करतात आणि चांगलं मशीन पुढच्या भरतीला बंद पडतं.

ती काढावी लागते बहुतेक वेळा इंपेलरसाठी. इंपेलर म्हणजे पंपातली रबरी चक्री, खाडीचं पाणी वर ओढून मशीन थंड ठेवणारी. आपल्या खाडीत हे पाणी म्हणजे अर्धा गाळ. ऐरोली ते वाशी या पट्ट्यात ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, त्यातल्या शेवाळावर आणि बारीक जिवांवर फ्लेमिंगो जगतात. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पक्ष्यांना जगवणारा तोच चिखल इंपेलरची पाती पॉलिश पेपरसारखी घासून काढतो. समुद्रात स्वच्छ पाण्यात चालणाऱ्या मशीनचा इंपेलर जितका टिकतो तितका इथे टिकत नाही. म्हणून मी दरवर्षी बदलतो, दिसायला बरा असला तरी.

इथे सांगतोय ते दोरीने सुरू होणाऱ्या, ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या, हाताने गिअर टाकायच्या मशीनबद्दल. मोठ्या मशीनचं तत्त्व तेच, पण त्यांत गिअरच्या दांडीची रचना वेगळी असते. आपल्या मॉडेलची पुस्तिका शेजारी ठेवा. बोल्ट किती आवळायचे, गिअर ऑइल किती मिलिलिटर, गिअर कुठल्या स्थितीत ठेवून जोडायचं, हे आकडे तिच्यातलेच घ्यायचे, शेजाऱ्याच्या मशीनवरून नाही.

जागा आणि तयारी

जेटीवर, चिखलात उभं राहून हे काम करू नका. हातातून पडलेली एक पिन चिखलात गेली की गेली. मशीन घरी आणा, घोड्यावर उभं टांगा, खाली जुनी चादर पसरा. स्पार्क प्लग काढून ठेवा आणि बंद करायच्या बटणाची लाल दोरीही काढून घ्या. पुढे फ्लायव्हील, म्हणजे मशीनच्या माथ्यावरची जड चकती, हाताने फिरवायचं आहे, त्या वेळी मशीनने चुकूनही ठिणगी घेता कामा नये. प्लग काढल्याने ते हलकंही फिरतं.

दुसरा माणूस लागतो. मी एकट्याने बसवलेल्या आहेत, पण प्रत्येक वेळी वाटलं की पोराला हाक मारली असती तर बरं झालं असतं. एकाने गिअरकेस धरायची, दुसऱ्याने वर फ्लायव्हील फिरवायचं.

सामान म्हणाल तर पाने, रबरी हातोडा, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येतं असा पाना), पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस, गिअर ऑइल आणि ते खालून भरायचा छोटा हातपंप, नवा इंपेलर आणि त्याची पॅकिंग, ऑइलच्या दोन्ही बुचांचे नवे वॉशर, नवी स्प्लिट पिन. जुना वॉशर आणि जुनी पिन परत वापरायचा मोह होतो. दहा-वीस रुपयांच्या त्या वस्तूंवर हजारोंचे गिअर अवलंबून असतात.

वर चढवण्याआधी काय पाहायचं

गिअरकेस हातात आहे तोवरच पाहून घ्या, एकदा चढली की काही दिसत नाही.

पहिलं, पंख्यामागचं ऑइल सील. पंखा काढून शाफ्टभोवती नायलॉनचा धागा गुंडाळलाय का बघा. आपल्याकडे तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे खाडीभर तरंगतात, ते पंख्यामागे शिरतात, फिरून फिरून सीलमध्ये रुततात आणि सील कापतात. काढलेलं जुनं ऑइल दुधाळ, चहासारखं दिसत होतं का? तर पाणी आत गेलेलं आहे, आणि सील न बदलता गिअरकेस बसवणं म्हणजे काम दोनदा करणं. सील बदलल्यावर ऑइल भरण्याआधी बुचाच्या भोकातून दाबाचा काटा असलेल्या हवेच्या हातपंपाने साधारण १० पीएसआय (दाबाचं माप) हवा भरून दहा मिनिटं काटा पाहतात. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते शोधायचं. हवा जास्त भरू नका, चांगलं सीलच बाहेर ढकललं जाईल.

दुसरं, पंप. खालची स्टीलची पाटी आणि वरचं कप, दोन्हींवर बोट फिरवा. नखाला लागेल इतकी चर पडली असेल तर नुसता इंपेलर बदलून उपयोग नाही, पाटी आणि कपही नवं घ्या. शाफ्टवरची छोटी चावी जागेवर बसवा, तिच्यावर इंपेलर सरकवा. कप खाली ढकलताना आतून साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे मशीन वरून पाहताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, हळूहळू फिरवत कप बसवा. पाती त्यामुळे योग्य बाजूला वाकतात. इथून पुढे शाफ्ट उलटा फिरवायचा नाही.

तिसरं, वरच्या पायात, म्हणजे इंजिन आणि गिअरकेस यांच्या मधल्या पोकळ भागात, हात घालून पाण्याची नळी चाचपा. पंपाचं पाणी याच नळीतून वर जातं. ती सरळ लोंबकळतेय ना, तोंडाशी मीठ किंवा गाळ साचला नाही ना, पंपाच्या तोंडावरचं रबरी बूच मऊ आहे ना? ते कडक झालं असेल तर बदला. चौथं, गिअरकेसच्या माथ्यावरच्या दोन छोट्या पिना, ज्यांवर ती जागेवर येते. त्या काढताना वरच्या पायात अडकून राहतात आणि माणूस समजतो की हरवल्या. शोधून जागेवर ठेवा. त्या नसतील तर गिअरकेस बसेल, पण शाफ्ट तिरपा राहील आणि दाते झिजत जातील.

ग्रीस कुठे आणि कुठे नाही

उभ्या शाफ्टच्या वरच्या टोकाला दाते असतात, ते इंजिनच्या क्रँकशाफ्टमधल्या, म्हणजे मुख्य फिरत्या शाफ्टमधल्या, दात्यांत जातात. या दात्यांना ग्रीस लागतंच. खाऱ्या पाण्यात कोरडे दाते गंजून एकमेकांना चिकटतात आणि दोन वर्षांनी गिअरकेस उतरता उतरत नाही. पण ग्रीस दात्यांच्या बाजूंना, पातळ लावायचं. शाफ्टच्या अगदी वरच्या सपाट टोकाला मुळीच नाही. तिथे लावलेलं ग्रीस वरच्या भोकात कोंडलं जातं. त्याला बाहेर पडायला जागा नसते आणि ते दाबलंही जात नाही, म्हणून शाफ्ट शेवटचे एक-दोन मिलिमीटर वर जात नाही. तसंच आवळलं की तो दाब वर क्रँकशाफ्टवर आणि खाली गिअरवर कायमचा बसतो. लावून झालं की टोक कापडाने पुसून घ्या. मी पुसल्यावर पुन्हा एकदा बोटाने बघतो.

पाण्याच्या नळीच्या रबराला साबणाचं पाणी पुरे. बोल्टांच्या आट्यांना मात्र मरीन ग्रीस भरपूर लावा. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची गिअरकेस आणि मधे खारं पाणी, असं एकत्र आलं की ॲल्युमिनियम पांढरं पीठ होऊन आटे धरून बसतं, आणि पुढच्या खेपेला बोल्ट आतच तुटतो.

जोडणी

आता मुख्य काम. गिअरकेस वर सरकवताना तीन टोकं एकाच वेळी तीन ठिकाणी जावी लागतात. शाफ्टचे दाते क्रँकमध्ये, पाण्याची नळी पंपाच्या तोंडात, आणि गिअरची दांडी तिच्या जोडावर. तिन्ही जागा वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि गिअरकेस वर गेली की एकही डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून चढवण्याआधी बॅटरी लावून वरच्या पायात नीट बघून घ्या, कुठली जागा कुठे आहे ते डोक्यात बसवा.

गिअरची दांडी आणि वरचा गिअरचा दांडका दोन्ही एकाच स्थितीत हवेत. पुस्तिका न्यूट्रल म्हणत असेल तर दोन्ही न्यूट्रल. वर फॉरवर्ड आणि खाली न्यूट्रल अशी जोडली गेली तर सगळं घट्ट बसेल, मशीन सुरूही होईल, आणि जेटीवरून निघताना कळेल की रिव्हर्स पडतच नाही. दांडी हाताने गरगर फिरवू नका. काही मॉडेलमध्ये ती आट्यांवर असते, फिरवली की तिची उंची बदलते. काढताना जोडापाशी किती आटे उघडे होते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर आता त्याचा उपयोग होतो.

गिअरकेस दोन्ही हातांनी सरळ धरा, शाफ्ट पायात घाला आणि वर सरकवा. आधी नळी पंपात शिरतेय का ते बघा, फट वीतभर आहे तोवर बाजूने दिसतं. पंपाचं तोंड चुकवून नळी बाहेर वाकली तर मशीनला थेंबभर पाणी मिळणार नाही, म्हणून इथे घाई नको. मग दांडीचा जोड. मग आणखी वर, शाफ्ट क्रँकला टेकेपर्यंत.

आता बहुधा तुमची गिअरकेस बोटभर फटीवर अडेल. दाते दात्यांवर टेकलेत, खाचेत गेलेले नाहीत. वरच्या माणसाला सांगा की फ्लायव्हील घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश फिरव. दोरीच हळू ओढली तरी चालेल. तुम्ही खालून हलका दाब ठेवा. इंपेलर शाफ्टला धरून ठेवतो, क्रँक फिरतो, आणि कुठेतरी दाते समोरासमोर येतात. त्या क्षणी गिअरकेस हातातल्या हातात वर सरकते. तो धक्का एकदा हाताला कळला की विसरत नाही.

नाही सरकली तर खाली घ्या. पूर्ण खाली घेऊन बघा. नळी वाकली का, दांडी जोडाला अडली का, पिन तिरपी झाली का, शाफ्टच्या टोकाला ग्रीस लागलं का. पुन्हा चढवा. चार वेळा खाली घ्यावी लागली तरी हरकत नाही. फक्त बोल्ट लावून ती वर ओढायची नाही. बोल्ट बसलेली गिअरकेस धरून ठेवण्यासाठी असतात. न बसलेली वर खेचायचं काम त्यांच्याकडून करून घेतलं की काय होतं, ते मी पाहिलंय.

मी पंचविशीत होतो. काकांच्या होडीचं मशीन होतं, नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. फट बोटभर राहिली आणि मी समोरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलो. फट कमी होत होती, म्हणून मला वाटलं बसतेय. मग टक् असा बारीक आवाज आला. गिअरकेसचा बोल्ट घ्यायचा कान मुळापासून तडकला होता, दाते दात्यांवर तसेच टेकलेले. नवी गिअरकेस येईपर्यंत हंगामाचे पहिले बारा दिवस काका दुसऱ्याच्या होडीवर गेले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्या दिवसापासून, दोन तळहातांच्या जोराने फट पूर्ण मिटल्याशिवाय मी बोल्टाला हात लावत नाही.

फट मिटली की सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. बोटांनी जात नसेल तर आटे तिरपे लागताहेत, काढून पुन्हा लावा. मग समोरासमोरचे असे दोन-तीन फेऱ्यांत आवळा, शेवटची फेरी टॉर्क पान्याने. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच जोरात जास्त ताणला जातो, म्हणून आकड्याच्या वर जाऊ नका. काही मोठ्या मॉडेलमध्ये एक बोल्ट पंख्याच्या वरच्या शेपटीसारख्या पाटीमागे लपलेला असतो, तो विसरू नका, आणि ती पाटी काढण्याआधी जशी वळलेली होती तशीच लावा, नाहीतर होडी एका बाजूला ओढते. पाटी किंवा गिअरकेसवरचा तुकडा झीज स्वतःवर घेणारा ॲनोड असेल तर त्याच्या बैठकीला ना रंग ना ग्रीस. तो धातूला धातू लागला तरच काम करतो. कळवा-विटाव्याकडे पावसाळ्यात पाणी निमखारं होतं, तिथे जस्ताच्या ॲनोडवर थर चढून तो निकामी होतो. त्या बाजूला होडी चालवत असाल तर ॲल्युमिनियमचा ॲनोड बरा.

गिअर तपासा, मग ऑइल

प्लग अजून बाहेरच आहेत. वरच्या माणसाने फ्लायव्हील सावकाश फिरवायचं, तुम्ही पंख्याचा शाफ्ट बघायचा. न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने मोकळा फिरला पाहिजे. फॉरवर्डमध्ये मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरायला हवा, रिव्हर्समध्ये उलट. गिअर टाकताना अडलं तर दांडक्यावर जोर देऊ नका, फ्लायव्हील थोडं फिरवा, आतले दात जुळले की पडतो. तरीही एखादा गिअर अर्धवटच पडत असेल तर दांडीचा जोड पुन्हा बघायचा. अर्धवट पडलेला गिअर खाडीत ताण आला की सुटतो, आणि दरवेळी सुटताना दातांचे कोपरे खातो.

ऑइल खालच्या भोकातून भरायचं. वरचं आणि खालचं, दोन्ही बुचं काढा, खाली हातपंपाची नळी लावा आणि हळूहळू भरत राहा. ऑइल खालून चढत हवा वर ढकलतं. वरच्या भोकातून आधी बुडबुडे येतील, मग बुडबुड्यांशिवाय सलग ऑइल येईल. तेव्हा आधी वरचं बूच नव्या वॉशरसह लावा, मग नळी काढून चटकन खालचं. वर बंद असल्याने खालून थोडंच सांडतं. वरून ओतून भरणारे मी बघितलेत. आत हवा अडकून राहते आणि वरचा गिअर कोरडा चालतो.

जुनं ऑइल डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. खाडीत नाही, कांदळवनाच्या कडेलाही नाही. तिवरांच्या मुळांवर तेलाची साय बसली की मुळांना हवा मिळत नाही, आणि कोळंबीची पिल्लं त्याच मुळांत वाढतात.

पिंपातली चाचणी

पंखा अजून लावू नका. पाण्याने भरलेलं पिंप मोकळ्या हवेत ठेवा, पडवीत नाही, धुराने माणूस गुदमरतो, आणि मशीनचा खालचा भाग त्यात बुडवा. गिअरकेसवरच्या आडव्या पाटीच्या वर वीतभर पाणी यावं, म्हणजे पंप नक्की बुडतो. प्लग आणि लाल दोरी लावा, न्यूट्रलमध्ये सुरू करा. कोरडं मशीन क्षणभरही नको, नवा इंपेलर त्या क्षणभरात जळतो.

मागच्या बाजूला पाण्याची धार आली पाहिजे. पंधरा-वीस सेकंदांत नाही आली तर लगेच बंद करा. आधी धारेच्या भोकात नायलॉनचा जाडसर धागा घालून बघा. पुष्कळदा तिथेच गाळाचा बोळा असतो आणि पंप ठीक असतो. तरी धार नाही तर नळी पंपात गेलेली नाही, आणि गिअरकेस खाली घ्यावी लागेल. अंगणात बंद करून उतरवणं परवडतं. ओहोटी लागल्यावर तापलेलं मशीन घेऊन चिखलात बसलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच, आणि होडीत पक्षी बघायला आलेली बाया-माणसं असतील तर त्यांनाही घेऊन.

धार आली की पाच मिनिटं चालू द्या. हात घालून पाणी कोमट लागतंय का बघा, सांध्यातून ऑइलचा तवंग येतोय का बघा. मग बंद करून पंखा लावा. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस, आतला जाड वॉशर पंख्याच्या आधी आणि योग्य तोंडाने, मग पंखा, नट आणि नवी स्प्लिट पिन, दोन्ही पाय दुमडून.

पहिली फेरी भरती चढत असताना मारा, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत मारली तर आणखी बरं, कारण ओढ कमी असते. वल्ही आणि नांगर होडीत हवाच. जेटीच्या नजरेत राहून अर्धा तास चालवा, तिन्ही गिअर दोन-तीनदा टाका, धार बघत राहा. परत आल्यावर बोल्ट गरम असताना नाही, मशीन थंड झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्क पाना लावून बघा.

साधारण दहा तास चालवून झाले की मशीन रात्रभर उभं राहू द्या, आणि सकाळी हलवण्याआधी खालचं बूच किंचित सैल करा. पाणी जड असतं, आत गेलं असेल तर पहिले थेंब पाण्याचे येतील. ऑइलच आलं, ओतलं होतं त्याच रंगाचं, तर बूच आवळा आणि भरती बघून निघा.